थायरॉइड नॉर्मल, तरी बोटं आखडतात: दोन्ही असलेलं कुणी आहे का इथे?

सायली_नाशिक
नमस्कार मंडळी, एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, पण आज वेगळं विचारायचंय. वय ४३. धाकट्याच्या बाळंतपणानंतर थायरॉइड कमी निघालं, तेव्हापासून ७५ची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नीट असतं, परवाचंच २.८ आलंय. पण दिवाळीपासून सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, कणिक मळायला घेतली की रडू येतं, कुकरचं झाकण मुलाकडून लावून घेते. अकरा वाजेपर्यंत हात मोकळे होतात आणि मग मी माणसात येते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, नॉर्मल, कॅल्शियम आणि डी दिलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले थायरॉइड कंट्रोलमध्ये आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. सासूबाई म्हणतात वात. जाऊबाई म्हणतात मोबाईल.
खरंच काही संबंध नसतो का? आणि जायचं कुणाकडे?

बंड्या७६
जाऊबाईंचं ऐकून एक आठवडा मोबाईल बंद ठेवा. आम्हाला पाककृती मिळणार नाहीत एवढंच नुकसान.

रेवती_के
संबंध असतो, चांगलाच असतो, माझ्यावरून सांगते. माझं थायरॉइड निघायच्या आधी वर्षभर अंग ठणकत होतं, पोटऱ्यांना रात्री गोळे यायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं म्हणून एका डॉक्टरांनी त्याची गोळी सुरू केली तर दुखणं दुप्पट झालं. मग दुसऱ्या बाईंनी सीपीके (स्नायूंना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगितलं, ते खूप वर, आणि सोबत टीएसएच केलं तर ते साठच्या वर, म्हणजे थायरॉइड फारच कमी. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत अंगदुखी गेली आणि कोलेस्टेरॉलही आपोआप खाली आलं. पण तुमचं टीएसएच तर नॉर्मल आहे म्हणताय, त्यामुळे तुमचं कोडं वेगळं वाटतंय.

साधा_माणूस
आजकाल प्रत्येक दुखण्याला थायरॉइड चिकटवायची फॅशन आहे. वजन वाढलं थायरॉइड, केस गळले थायरॉइड, नवऱ्यावर चिडली थायरॉइड. चाळिशीनंतर थोडं दुखणारच हो. आमच्या आईने जात्यावर दळलं, तिला कुठे होतं टीएसएच.

माईआजी
@साधा_माणूस, मी जात्यावर दळलेल्यांपैकीच आहे. टीएसएच नव्हतं हे बरोबर, पण माझ्या थोरल्या जावेच्या हाताची बोटं पन्नाशीच्या आत वाकडी झाली होती, साडीच्या निऱ्या दुसऱ्याकडून काढून घ्यायची. तेव्हा सगळे "वात आहे" म्हणून तेल चोळत राहिले. दुखणं होतं बाबा, त्याला नाव नव्हतं.

डॉ_रातपाळी
मी सांगलीकडे फिजिशियन आहे, इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण सायलीताईंचा प्रश्न चांगला आहे आणि अर्धं उत्तर रेवतीताईंनी दिलंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थायरॉइड आणि सांधे-स्नायू यांचा संबंध दोन वाटांनी येतो आणि पेशंट काय, डॉक्टर काय, ह्या दोन वाटांची गल्लत करतात.

पहिली वाट सरळ हार्मोनची. थायरॉक्सिन कमी पडलं की स्नायूंचं काम मंदावतं, अंग दुखतं, गोळे येतात, सीपीके वाढतं. मनगटातली नस दाबली जाऊन रात्री हाताला मुंग्या येतात, त्याला कार्पल टनेल म्हणतात. अशा अवस्थेत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी दिली तर स्नायूंना जास्त त्रास होऊ शकतो, म्हणून स्टॅटिन सुरू करण्याआधी टीएसएच बघावं. हे सगळं गोळीचा डोस नीट बसला की हळूहळू ओसरतं. स्नायूंना रक्ताच्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरी वाट रोगप्रतिकारशक्तीची. आपल्याकडे मोठ्या माणसांत थायरॉइड कमी होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये हे वर्णन केलं, काढून टाकलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघून, त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. ही गर्दी स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध आहे हे कळायला १९५६ उजाडलं, तेव्हा अँटीबॉडी सापडल्या. म्हणजे मुळात हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, ग्रंथी फक्त मार खाते. आणि ज्याची प्रतिकारशक्ती एका अवयवावर उलटली त्याच्यात ती दुसरीकडे उलटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. सांध्यांवर उलटली तर ऱ्हुमॅटॉइड, लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर उलटली तर श्योग्रेन, त्वचेच्या रंगावर उलटली तर कोड, स्वादुपिंडावर उलटली तर टाइप १ डायबेटिस. थायरॉइडची गोळी फक्त कमी पडलेलं हार्मोन भरून काढते, प्रतिकारशक्तीला ती काही शिकवत नाही. त्यामुळे टीएसएच २.८ असणं आणि सांध्यांत दुसरा आजार असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

ताई, तीन गोष्टी सांगा. सकाळचं आखडणं तासाभराहून जास्त टिकतं असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, बरोबर का? बोटांचे कुठले सांधे, नखाजवळचे की मुठीच्या उंचवट्याचे? आणि सूज दिसते का, अंगठी घट्ट होते का? वर्षभरात मोठा ताप येऊन गेला का, तेही सांगा.

सायली_नाशिक
डॉक्टर खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मुठीचे उंचवटे आणि मधले सांधे, दोन्ही हातांचे. नखाजवळचे अजिबात नाही. अंगठी मार्गशीर्षातच काढून ठेवलीये, निघत नव्हती, साबण लावून काढली. तासाहून जास्तच, दोन-अडीच तास. ताप नाही आला.

मालेगावकर
डॉक्टरांनी ताप का विचारला ते आमच्याकडच्यांना लगेच कळलं. २००६ला चिकुनगुन्या आलेला तेव्हा आमची अख्खी गल्ली वाकून चालायची. ताप चार दिवसांत गेला पण सांधे महिनोन् महिने धरलेले. काही जणांना तर ऱ्हुमॅटॉइड समजून गोळ्या चालू केल्या होत्या.

डॉ_रातपाळी
@मालेगावकर अगदी, म्हणूनच विचारलं. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी हुबेहूब ऱ्हुमॅटॉइडसारखी दिसू शकते.
सायलीताई, जे लिहिलंत त्यावरून मी ऑर्थोऐवजी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, गाठायला सांगेन. एक्सरे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला तो नॉर्मलच असतो, त्यात दिसायला लागलं म्हणजे हाड झिजायला लागलं. नाशिकमध्ये मिळतील, नाहीतर पुणे-मुंबई. उशीर नको.

कोकणी_कडू
थायरॉइडवाल्यांच्या धाग्यात साखरवाल्याने घुसू नये पण घुसतो. माझा उजवा खांदा असा धरला की शर्ट काढताना बायकोला हाक मारायची पाळी. पाठीमागे हात जाईना. मी आपला होडीची दोरी ओढून लचकला असेल म्हणून महिनोन् महिने मालिश करत बसलो. फिजिओवाली पोरगी म्हणाली काका साखर तपासलीत का. मी म्हटलं माझा खांदा दुखतोय, साखर कशाला. तरी तपासली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.४, खूपच जास्त. म्हणजे खांद्याने सांगितलं डायबेटिस आहे म्हणून. तेव्हापासून त्या पोरीला मी डॉक्टरच म्हणतो.

डॉ_रातपाळी
@कोकणी_कडू घुसलात ते बरं केलंत. फ्रोजन शोल्डर डायबेटिसवाल्यांत इतरांच्या कित्येक पटीने जास्त असतो, आणि थायरॉइड कमी असलेल्यांतही जास्त. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजेनला चिकटते, सांध्याभोवतीची पिशवी, कंडरांची आवरणं सगळी जाड आणि ताठ होतात. बोट अडकून टकदिशी सुटणं, म्हणजे ट्रिगर फिंगर, तेही ह्याच कुळातलं. घरी करून बघण्यासारखी एक तपासणी आहे: नमस्कार करा, तळवे आणि बोटं पूर्ण टेकली पाहिजेत. मध्ये फट राहात असेल आणि बोटं सरळ होत नसतील तर साखर तपासा.

बंड्या७६
ऑफिसात बसल्या जागी नमस्कार करून बघितला. समोरून साहेब चालले होते, त्यांना वाटलं सुट्टी मागतोय. म्हणाले नाही मिळणार.

रेवती_के
आमच्या घरी आत्ता सगळे जेवणाच्या टेबलावर नमस्कार करून बसलेत. सासरे म्हणतात वदनि कवळ घेता आजच का आठवलं.

माईआजी
माझी फट राहते, पण साखर नाही. ८१ आहे वय.

डॉ_रातपाळी
आजी, ८१ला फट माफ :)

विवेक_पी
थोडं विषयांतर पण महत्त्वाचं. सायलीताई, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत कुणी "पुडी" सुचवली तर कृपया घेऊ नका. माझ्या वडिलांचे गुडघे दुखायचे, कुणीतरी एका गावचा पत्ता दिला, तिथे एक माणूस पांढऱ्या पुड्या द्यायचा, जडीबुटी म्हणून. तीन दिवसांत वडील देवळाच्या पायऱ्या चढले, आम्ही सगळे खूश, शेजारीपाजारीही आणायला लागले. काही महिन्यांनी चेहरा गोल गरगरीत झाला, पोट सुटलं आणि हातपाय मात्र काटकुळे, जमिनीवरून उठता येईना, साखर वाढली. आम्हाला संशय आला म्हणून पुडी एकदम बंद केली, आणि तिथेच खरा घोटाळा झाला. चौथ्या दिवशी उलट्या, बीपी पार खाली, अंगात त्राण नाही, सरळ आयसीयू. डॉक्टरांनी कॉर्टिसॉल तपासलं, जवळजवळ शून्य. पुडीत स्टेरॉइड होतं.

डॉ_रातपाळी
विवेक, दुर्दैवाने असे पेशंट आम्ही सगळेच बघतो. कारण समजून घ्या म्हणजे लक्षात राहील. किडनीच्या डोक्यावर ज्या अॅड्रिनल ग्रंथी बसलेल्या असतात त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून भरपूर स्टेरॉइड आलं की मेंदू त्यांना सांगतो, थांबा, गरज नाही. महिनोन् महिने असं चाललं की ग्रंथी सुकतात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तोडला की आतलं लगेच सुरू होत नाही, आणि माणूस कोसळतो. म्हणून स्टेरॉइड कमी करत करत बंद करतात. मांड्यांची ताकद जाणं, हाडं ठिसूळ होणं, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं, हे सगळं जास्त स्टेरॉइडचं.

आणि मजा बघा, हार्मोन आणि सांधे यांचं नातं जगाला कळलं तेच ह्या औषधामुळे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं की ऱ्हुमॅटॉइडच्या पेशंटला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली की सांधे सुधारतात. म्हणजे शरीरातच काहीतरी तयार होतंय जे सांधे शांत करतं. त्यांचे सहकारी केंडॉल अॅड्रिनलमधले पदार्थ वेगळे काढत होते, त्यातलं एक १९४८च्या सप्टेंबरमध्ये एका तरुण बाईला टोचलं. अंथरुणात कुशीवर वळता न येणारी ती बाई काही दिवसांत चालत बाजारात गेली. १९५०ला हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. ते औषध म्हणजे कॉर्टिसोन. पण दुष्परिणाम दिसायला वेळ लागला नाही, हेंच स्वतःही नंतर सावध झाले. तेव्हा स्टेरॉइड वाईट असं नाही, योग्य हातात, ठरावीक दिवस, ठरावीक डोस, हे जीव वाचवणारं औषध आहे. पुडीतलं मात्र डोस माहीत नसलेलं विष.

वैद्य_सुनंदा
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते आणि विवेक यांच्याशी शंभर टक्के सहमत. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही, ती आयुर्वेद नव्हे. सकाळचा ताठरपणा, सूज आणि तीही हाताच्या लहान सांध्यांत, हे आमच्याकडे आमवातात येतं, माधवनिदान या जुन्या ग्रंथात त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे सायलीताईंच्या सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत. पण आमवातात तेल चोळू नये असंच आम्ही शिकतो, घरोघरी नेमकं उलटं होतं. आणि थायरॉइडची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, माझ्याही नाही.

गव्हाचा_शत्रू
एवढी चर्चा कशाला. गहू सोडा. हाशिमोटो, संधिवात, सोरायसिस सगळ्याचं मूळ ग्लुटेन. मी सोडला, माझी गुडघेदुखी गेली. डॉक्टर लोक सांगणार नाहीत कारण त्यात कमाई नाही.

साधा_माणूस
तुम्ही गहू सोडला तेव्हा सोबत १४ किलो वजनही सोडलं असं तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. गुडघ्यांनी कुणाचे आभार मानायचे?

गव्हाचा_शत्रू
वजन गहू सोडल्यामुळेच गेलं!

बंड्या७६
आणि पुरणपोळी सोडल्यामुळे नव्हे. बरं.

डॉ_रातपाळी
यात एक खरा कण आहे तेवढा घ्या. सिलिअॅक नावाचा आजार, ज्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, तो हाशिमोटो आणि टाइप १ डायबेटिसवाल्यांत इतरांपेक्षा जास्त सापडतो. त्यांना गहू सोडावाच लागतो. पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, आधीच सोडला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग भाकरी. बाकीच्यांना गहू सोडून सांधे बरे होतील असं खात्रीने सांगता येत नाही.

अनुजा_डब्लिन
मी हाशिमोटो अधिक श्योग्रेन अशी जोडगोळी आहे. माझी सुरुवात दातांपासून झाली. दात भराभर किडायला लागले, इथली डेंटिस्ट म्हणाली तुझ्या तोंडात लाळच नाहीये. मग आठवलं की कित्येक दिवस मी चकली पाण्याच्या घोटाशिवाय गिळू शकत नव्हते, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं ते मी लॅपटॉपवर ढकललं होतं. सांधेही दुखायचे, थकवा असा की दुपारी गाडीत झोपायचे. सगळ्यांना वाटायचं थायरॉइडचा डोस कमी पडतोय, डोस वाढवला तर छातीत धडधड सुरू. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने जोडलं. आता एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) घेते आणि दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घेते, हे औषध वर्षानुवर्षं घेतलं की तिथे परिणाम होऊ शकतो म्हणून.
सायली, थायरॉइड नीट असूनही थकवा-दुखणं जात नसेल तर डोस वाढवून घेऊ नकोस. जास्त थायरॉक्सिनने हाडंही पातळ होतात.

साधा_माणूस
मला एक सांगा, हे सगळं वाचून लोक लॅबमध्ये जाऊन पन्नास टेस्टांचं पॅकेज करणार, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह येणार आणि रात्रभर गुगल करत रडणार. माझ्या बहिणीचं हेच झालं. एएनए पॉझिटिव्ह, सगळे म्हणाले लुपस, म्हणजे प्रतिकारशक्ती अख्ख्या शरीरावर उलटते तो आजार, सहा महिने घर सुतकात. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले काही नाही, जा घरी. ह्याचं काय करायचं?

डॉ_रातपाळी
साधा माणूस, आज तुमच्याशी सहमत. हाशिमोटो असलेल्या बऱ्याच जणांचा एएनए पॉझिटिव्ह येतो, धडधाकट माणसांतही काहींचा येतो, त्यावरून लुपस ठरत नाही. लक्षणं आधी, तपासणी नंतर. सायलीताईंचं उदाहरण घ्या, त्यांना सुजलेले सांधे आहेत, म्हणून पुढे जायचं. ज्याला फक्त कधीमधी कंबर दुखते त्याने एएनए करू नये.

पिंट्या_औरंगाबाद
सगळ्या बायकाच लिहितायत म्हणून पुरुषांची बाजू. माझा लहान भाऊ, २६ वर्षांचा, जिम करणारा. चुलत बहिणीच्या लग्नात जिलब्या दाबून खाल्ल्या, पहाटे उठायला गेला तर पाय हलेनात. शुद्धीत आहे, बोलतोय, पण कमरेखाली काहीच नाही. आम्हाला वाटलं लकवा. गावातली मंडळी म्हणाली नजर लागली, कुणी लिंबू उतरवला. हॉस्पिटलात पोटॅशियम काढलं, दोनच्याही खाली. पोटॅशियम दिल्यावर दुपारी चालत घरी. आणि कारण निघालं थायरॉइड, पण कमी नाही, वाढलेला!

डॉ_रातपाळी
पिंट्या, हे लिहिलंत ते फार बरं झालं. थायरॉइड जास्त असताना काही तरुण पुरुषांत, मुख्यतः आपल्या आशियातल्या, असे झटके येतात. गोडधोड, भात-पोळी भरपूर खाल्लं किंवा जोरदार व्यायाम केला की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं आणि स्नायू लुळे पडतात. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून लिंबू राहू दे, आधी ईसीजी आणि पोटॅशियम. थायरॉइड आटोक्यात आला की झटके थांबतात.

पिंट्या_औरंगाबाद
थांबलेत. पण जिलबी बघितली की आई अजून ओरडते.

सुमन_ठाणे
मेनोपॉजबद्दल कुणीच कसं बोललं नाही? पाळी जाताना माझी बोटं, टाचा, सगळंच दुखायचं. इस्ट्रोजेन कमी झालं की सांधे कुरकुरतात असं गायनॅक म्हणाल्या. माझ्या मैत्रिणीला स्तनाच्या कॅन्सरनंतर इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी दिली, तिलाही सकाळी अगदी असंच व्हायचं. सायली ४३ची आहे, हेही असेल.

डॉ_रातपाळी
असू शकतं, पण मेनोपॉजच्या दुखण्यात सांधा सहसा असा सुजत नाही. अंगठी साबण लावून काढावी लागली हे मला खटकतंय. आणि सुमनताई, बायका-पुरुष हा मुद्दा आहेच. ऱ्हुमॅटॉइड बायकांत दोन-तीन पट जास्त, लुपसच्या दहा पेशंटांत नऊ बायका. हार्मोन त्यात कारण आहेत, पण एकटे नाहीत. सायलीताईंनी अजून एक लिहिलंय, थायरॉइड बाळंतपणानंतर निघालं. गरोदरपणात बाळ परकं असूनही टिकावं म्हणून आईची प्रतिकारशक्ती जरा नमतं घेते, बाळंतपणानंतर ती उसळी मारते. थायरॉइडला सूज येणं, ऱ्हुमॅटॉइड सुरू होणं किंवा उफाळणं, दोन्ही बाळंतपणानंतरच्या महिन्यांत जास्त दिसतं ते त्यामुळे.

रेवती_के
सायली, तू केसांच्या गोळ्या घेतेस का गं? त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं. माझ्या मुलीचा थायरॉइड रिपोर्ट त्यामुळे उलटासुलटा आला होता, काही मशीनवर टीएसएच खोटं कमी दाखवतं. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करायची.

सायली_नाशिक
घेते! हे कुणीच विचारलं नव्हतं. बंद करून परत तपासते. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची मिळालीये.

साधा_माणूस
जाऊन या. बरं वाटलं नाही तरी काय झालं ते लिहा, लोक प्रश्न विचारून गायब होतात.

सायली_नाशिक
आले परत. उशीर झाला, मुलांच्या परीक्षा होत्या. आधी रेवतीचं, बायोटिन बंद करून टीएसएच ३.१ आलं, म्हणजे केसांच्या गोळ्या निर्दोष सुटल्या. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट बाई खूप छान, आधी अर्धा तास नुसतं ऐकलं, मग मुठीचे सगळे उंचवटे एकदम आडवे दाबले, मी किंचाळलेच. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) ५२, म्हणजे वाढलेला, ऱ्हुमॅटॉइडच्या दोन रक्ततपासण्यांपैकी आरए फॅक्टर निगेटिव्ह पण अँटी-सीसीपी जोरदार पॉझिटिव्ह. म्हणजे ऱ्हुमॅटॉइडच. आरए फॅक्टर आधी ऑर्थोंनी केला होता आणि निगेटिव्ह म्हणून विषय संपवला होता, तेव्हा ज्यांचा तो निगेटिव्ह आहे त्यांनी हे वाचा.
बाई म्हणाल्या लवकर आलात, बोटं वाकडी होणार नाहीत असं बघू. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध) आठवड्यातून एकदा, फॉलिक अॅसिड, आणि थोडे दिवस कमी डोसचं स्टेरॉइड, ते कसं उतरवायचं ते तारखांसकट कागदावर लिहून दिलंय (विवेक, तुमच्या वडिलांची गोष्ट त्यांना सांगितली). पहिले दोन आठवडे घरी कुणाशी धड बोलले नाही, खोटं कशाला बोलू. आता कणिक मळते, झाकण अजून मुलगाच लावतो, पण ते आता आळसाने.
आता एक व्यावहारिक प्रश्न, एवढ्या गोळ्यांचं वेळापत्रक कसं लावता तुम्ही लोक?

अनुजा_डब्लिन
थायरॉइडची उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मी कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर ढकललंय.

डॉ_रातपाळी
अनुजाताईंचं बरोबर. मेथोट्रेक्सेटचं मात्र ठळक अक्षरात लिहितो: आठवड्यातून एकच दिवस. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. वार ठरवा, घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. ठरलेल्या वेळी रक्ताच्या पेशी आणि लिव्हर तपासत राहायचं, हे औषध चालू असताना दिवस राहता कामा नयेत, आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही.

सायली_नाशिक
शनिवार ठरवलाय, मारुतीचा. सासूबाई स्वतः आठवण करतात, देवळात जायच्या आधी. वात म्हटलं होतं ना मी, असं रोज ऐकवतात.

माईआजी
ऐकून घे. आणि पंचवीस वर्षांनी निऱ्या स्वतःच्या स्वतः काढ.

नवी_सदस्य_प्राची
नमस्कार, पूर्ण धागा वाचला, खूप माहिती मिळाली. माझं टीएसएच ९ आहे, गोळी सुरू नाही, आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाच दुखते. वय ३४. मलाही ऱ्हुमॅटॉइड असेल का?

साधा_माणूस
हे बघा, सुरू झालं.

डॉ_रातपाळी
प्राचीताई, नुसत्या टाचेवरून तसं वाटत नाही, पण टीएसएच ९ परत करून घ्या, सोबत फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि टीपीओ अँटीबॉडी (हाशिमोटोची तपासणी). दिवस राहण्याचा विचार असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा, तेव्हा वाट बघायची नसते. बाकीचं नवीन धाग्यावर विचारा, इथे १०० प्रतिसाद झाले की पान उघडत नाही.

कोकणी_कडू
आणि साखर पण करून टाक गो.